पाहून की पाडून?

१

सोमवारी सकाळी मुलांना कडेवर घेऊन आयाबाया पाळणाघराशी आल्या, तेव्हा पाळणाघर जागेवर नव्हतं.

शनिवारी होतं. हिरवं दार होतं, दारावर रंगवलेला हत्ती होता, आत भिंतीला लावून ठेवलेल्या छोट्या छोट्या गाद्या होत्या. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी नगरपालिकेचा बुलडोझर आला आणि सगळं भुईसपाट करून गेला. आता तिथे विटांचा ढीग होता आणि ढिगात खोचलेली पाटी: ‘धोकादायक इमारत. तातडीच्या अधिकारात पाडली.’

“मग मी आता कामावर जाऊ कशी?” गिरणीत काम करणारी एक आई म्हणाली. ती कुणाला विचारत होती ते तिलाही माहीत नव्हतं. कडेवरचं मूल हत्ती कुठे गेला म्हणून भोकाड पसरून रडत होतं.

बाई तिथे पोचल्या त्या धापा टाकतच. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी भाषा शिकवली, कान पिळले, श्रुतलेखन घातलं. निवृत्त झाल्यावर लोकांनीच त्यांना नगरपालिकेत निवडून दिलं आणि तिथे त्यांच्या गळ्यात छाननी समिती पडली. काम असं, की जीवाला धोका असेल तर मुख्याधिकाऱ्यांनी कुणालाही न विचारता तातडीने निर्णय घ्यावा, आणि तो बरोबर होता का, हे छाननी समितीने मागाहून तपासावं. म्हणजे आधी पाडायचं आणि मग का पाडलं ते विचारायचं!

पाटी वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच नगरपालिकेला गल्लीतला बंद दिवा लावायला दोन पावसाळे लागतात. गटारात कुणी पडल्याशिवाय गटारावर झाकण बसत नाही. तिला तातडी आठवली ती नेमकी मुलांचं छप्पर काढताना!

ढिगाच्या कडेला पाळणाघराच्या मावशी बसल्या होत्या. विटा बाजूला करून मुलांचे स्टीलचे पेले गोळा करत होत्या. प्रत्येक पेल्यावर नेलपॉलिशने काढलेलं चित्र होतं, कुणाचं बदक, कुणाचा मासा, कुणाची छत्री. बाईंनी माशाचा पेला उचलला. तळाशी दूध वाळून खडखडीत झालं होतं.

“मावशी, पेले विसळले नव्हते?”

मावशींना ते लागलं. “विसळल्याशिवाय मी कधी घरी गेलेय का, बाई? पण शनिवारी...”

तेवढ्यात मुख्याधिकारी साहेबांची गाडी आली. आयाबायांनी ती घेरली. साहेबांनी काच अर्धी खाली केली.

“आरडाओरडा माझ्यावर कशाला? इमारत पाडा म्हणून मला फोनवर सांगितलं कुणी, ते विचारा की! त्या काय, तुमच्यातच उभ्या आहेत.”

सगळ्यांच्या माना वळल्या. गर्दीत नगरपालिकेची तरुण अभियंता उभी होती. तिच्या कडेवर तिची स्वतःची मुलगी होती, आणि बाईंच्या हातातला माशाचा पेला त्या मुलीचा होता.

२

“मी माझ्याच पोरीचं पाळणाघर पाडीन का हो, बाई?”

अभियंता बाईंच्या स्वयंपाकघरात बसली होती. डोळे सुजलेले. मुलगी टेबलाखाली डबे वाजवत होती.

“पहिल्यापासून सांग.”

“शनिवारी सकाळी मावशी म्हणाल्या, मागच्या भिंतीचा गिलावा सुटलाय. मी जाऊन बघितलं. नुसता गिलावा, आतली भिंत ठणठणीत. तरी म्हटलं, सोमवारी मुलं यायच्या आत डागडुजी झालेली बरी. म्हणून रविवारी सकाळी साहेबांना फोन केला.”

“काय बोललीस? शब्दन्‌ शब्द सांग.”

ती घुटमळली. “मी म्हणाले... तातडीने पाहून घ्या. म्हणजे, तसं म्हणाले असेन. साहेबांना ‘पाडून घ्या’ ऐकू आलं. फोनवर खरखर होती. एका अक्षराचा घोळ झाला, असं साहेबांच्या चिटणीसांनी मला समजावून सांगितलं.”

“चिटणीसाने काय सांगितलं ते नकोय मला. तुला काय आठवतं?”

“आता काहीच धड आठवत नाही, बाई. सकाळपासून इतक्यांदा तेच ऐकवलंय, की तेच खरं वाटायला लागलंय. माझी नेमणूक कच्ची आहे. म्हणतात, निरोप नीट दिला नाहीस हे कबूल कर आणि मुकाट्याने राजीनामा दे. नाहीतर निष्काळजीपणाचा शेरा मारून काढतील. मग मला दुसरीकडे तरी कोण घेईल? घरात मिळवती मी एकटी...”

टेबलाखालची मुलगी उठायला गेली. वर गरम चहाचा कप होता.

“अगं, बघून! बघून! डोक्याला लागेल!” अभियंतेने एका हाताने कप सरकवला आणि दुसऱ्या हाताने टेबलाच्या काठावर तळवा धरला. मुलगी सुखरूप बाहेर आली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी कानाला खटकलं होतं, पण काय ते हाती लागेना.

“राजीनामा द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या.

“उद्या दुपारी बैठक आहे, बाई. त्याआधी दिला नाही तर बैठकीतच काढणार आहेत.”

३

साहेबांच्या खोलीत गारेगार हवा होती आणि टेबलावर एकही कागद नव्हता. ज्याला तातडीची एवढी कामं असतात, त्याचं टेबल इतकं मोकळं कसं, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

साहेब हसले. “बाई, एका अक्षराची गंमत झाली, दुसरं काय! आणि तुम्ही तर भाषेच्या शिक्षिका. जीव वाचले असं समजा.”

“कुणाचे जीव? रविवारी आत चिटपाखरू नव्हतं.”

“म्हणूनच तर रविवारी पाडली.”

“फोन आला म्हणून पाडली, की रविवार होता म्हणून?”

साहेबांचं हसू जरा आखडलं. “दोन्ही जुळून आलं.”

“उलटा फोन करून खात्री करावी असं नाही वाटलं? इमारत पाडायची होती, चहा सांगायचा नव्हता.”

“तातडी होती, बाई! भिंत कोसळली असती तर आज तुम्हीच मला फाडून खाल्लं असतं.”

त्यात थोडं तथ्य होतं, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. खरोखर भिंत कोसळते, खरोखर पूर येतो, तेव्हा कुणीतरी झटकन हो म्हणायला हवं असतं. तेवढ्यासाठी लोकांनी विश्वासाने दिलेला अधिकार हा माणूस खिशातल्या रुमालासारखा वापरत होता.

चिटणीस पाण्याचा पेला घेऊन आला. हाही बाईंचाच विद्यार्थी. वर्गात याच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. नगरपालिकेचा प्रत्येक आदेश याच्या हातचा.

“बाई, तुमच्यामुळेच तर कळलं हे मला,” तो अदबीने म्हणाला. “पाहून आणि पाडून. ह आणि ड. किती जवळची अक्षरं! एक वळण इकडचं तिकडे झालं, की संपलं. तुम्हीच शिकवलंत ना?”

“मीच शिकवलं,” बाई म्हणाल्या. पुन्हा तेच, काहीतरी खटकलं. नखात कुसळ जावं तसं. दिसत नाही, पण सलतं.

दार न वाजवता नगराध्यक्ष आत आले. यांना गावात सगळे ‘फीतवाले’ म्हणत, कारण जिथे फीत कापायची असेल तिथे ते हजर. नव्या बाजाराची फीत पुढच्याच आठवड्यात होती. “बाई, विषय ताणू नका. पोरीची चूक झाली, ती जाईल, तुम्हीही सोडून द्या.”

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. शनिवारपर्यंत इथून पाळणाघराचं छप्पर दिसायचं. आज थेट नव्या बाजाराचा दर्शनी दरवाजा दिसत होता. त्या दरवाजाशी जाणारा रुंद रस्ता पाळणाघराच्या जागेवरून काढायचा, हा फीतवाल्यांचा प्रस्ताव नगरपालिकेच्या सभेने दोनदा फेटाळला होता. आता मध्ये काहीच उरलं नव्हतं.

पण हेतू असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. ‘ऐकण्यात चूक झाली’ या वाक्याला कुठूनच चिमटीत धरता येत नव्हतं. ज्याने ते काढलं तो बिलंदर होता.

बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि त्यांचा हात तसाच थांबला. पेला. वाळलेलं दूध. मावशी काहीतरी सांगत होत्या आणि गाडी मध्ये आली होती!

४

“शनिवारी दुपारी नळच गेला, बाई,” मावशी म्हणाल्या. “पोरं दूध पिऊन झोपली, मी पेले घेऊन मोरीत बसले, तर थेंब नाही. म्हटलं, गेलं असेल सगळीकडचं. तर शेजारच्या शिंप्याकडे नळ धो धो! आपलाच तेवढा कोरडा. पेले तसेच ठेवून घरी जायचं माझ्या जिवावर आलं होतं.”

फोन रविवारी सकाळी आला, आणि पाणी शनिवारी दुपारी गेलं.

बाई तडक पाणीखात्याच्या चावीवाल्याकडे गेल्या. गावातल्या कुठल्या नळाला कधी पाणी सोडायचं, ती चावी याच्या हातात. तो भर रस्त्यात खड्ड्यात वाकून चावी फिरवत होता.

“पाळणाघराची चावी शनिवारी तू बंद केलीस?”

“हो, बाई. नाहीतर रविवारी पाडताना नळ फुटून कारंजं नसतं उडालं? पाडकाम म्हटलं की पहिलं पाणी तोडायचं.” तो सहज बोलून गेला. मग बाईंचा चेहरा बघून त्याचा हात थांबला. “का? काही चुकलं का माझं?”

“पाडकाम आहे असं शनिवारी तुला सांगितलं कुणी?”

“चिटणीसांनी. स्वतः आले होते सांगायला.”

बाईंना राग तर आलाच, पण त्याआधी वाईट वाटलं. पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. पाटी नेहमी स्वच्छ.

तरी एवढ्याने भागणार नव्हतं. चावी दुरुस्तीसाठी बंद केली, चावीवाल्याचा गैरसमज झाला, असं उद्या म्हणतील. एक ऐकण्यातली चूक पचली, तर दुसरी का पचणार नाही? ‘पाहून’चं ‘पाडून’ झालं, हे खोटं आहे असं दाखवल्याशिवाय त्या पोरीची सुटका नव्हती.

विचार करत त्या शाळेवरून चालल्या होत्या. खिडकीतून आवाज आला. नव्या बाई मुलांना श्रुतलेखन घालत होत्या. “मुलांनो, कान इकडे. डोळे पाटीवर.”

बाई भर रस्त्यात उभ्या राहिल्या. कान इकडे, डोळे पाटीवर! जन्मभर जे वाक्य स्वतः म्हटलं, ते आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं तेव्हा कुठे ते कुसळ निघालं.

त्या हसल्या. पण ते हसू असं होतं, की समोरून येणारा सायकलवाला घाबरून बाजूला झाला.

५

बैठकीचं दालन भरून वाहत होतं. मागे आयाबाया मुलांना घेऊन उभ्या होत्या. अभियंता कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. तिच्या समोर कोरा कागद आणि पेन कुणीतरी आधीच ठेवलं होतं.

बाई उठल्या. “चौकशीच्या आधी श्रुतलेखन.”

“हा काय पोरखेळ आहे?” फीतवाले म्हणाले.

“पाळणाघराचा विषय आहे, पोरखेळ होणारच. साहेब, चिटणीस, नगराध्यक्ष, घ्या कागद.” सदस्य हसायला लागले, तेव्हा तिघांना कागद घेणं भाग पडलं.

बाईंनी अभियंतेला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि तिथून साहेबांच्या फोनवर फोन करायला लावला. तिला त्यांनी वाक्यं दिली होती. भिंत पाहून घ्या. भिंत पाडून घ्या. उलटसुलट, हव्या त्या क्रमाने. फोन तिघांच्या कानांवरून फिरला. खरखर हवी म्हणून बाई स्वतः फोनपाशी वर्तमानपत्र चुरगाळत होत्या.

तिघांचेही कागद त्यांनी वाचून दाखवले. एकाचीही चूक नव्हती. फीतवाल्यांनी तेवढं एके ठिकाणी ‘पाऊन’ लिहिलं होतं.

“शाब्बास! ही खरी ऐकण्यातली चूक,” बाई म्हणाल्या. “बोलताना ‘ह’ आपण गिळतो. म्हणून पोरं ‘पाऊन’ लिहितात, ‘पावून’ लिहितात. पण ‘ड’? ड टाळूवर ठणकन वाजतो. मी जन्मभर श्रुतलेखन घातलं. कानाने ऐकून ‘ह’च्या जागी ‘ड’ लिहिणारं एकही पोर मला भेटलं नाही. मात्र फळ्यावरून उतरवून घेताना ही चूक दरवर्षी कुणीतरी करायचं. कारण ह आणि ड सारखे दिसतात. सारखे ऐकू येत नाहीत! ही चूक डोळ्यांची आहे, साहेब, आणि तुम्ही म्हणता ती फोनवर झाली. फोनवर तुम्ही अक्षरं बघत होतात का?”

दालनात चुळबुळ झाली. साहेब काही बोलणार, तोच बाईंनी हात वर केला.

“अजून एक वाक्य राहिलंय.” त्यांनी दाराकडे तोंड करून आवाज चढवला. “पोरी, माझी वाक्यं ठेव बाजूला. साहेबांनी मागची भिंत तपासावी असं तुला वाटतं. कर फोन, आणि तुझ्या भाषेत सांग.”

फोन वाजला. साहेबांनी ऐकलं, पण ते लिहीनात.

“लिहा.”

“मी... मला नीट...”

बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि आवाज मोठा केला. “पुन्हा सांग गं.”

“साहेब, मागची भिंत जरा बघून घ्या ना,” अभियंतेचा आवाज दालनभर घुमला.

“बघून!” बाई कडाडल्या. “काही माणसं ‘पाहून’ म्हणतातही. ही म्हणत नाही. काल माझ्या घरात हिची पोर टेबलाखालून उठत होती, तेव्हाही ही ‘बघून, बघून’च ओरडली. ‘बघून’चं ‘पाडून’ कुठल्या कानाने ऐकलंत? तिने ‘पाहून’ म्हटलंच नव्हतं. ‘पाहून’ हा कागदावरचा शब्द. कुणीतरी कागदापाशी बसलं, ‘पाडून’ला जुळणारा शब्द शोधला, आणि तो या पोरीच्या तोंडात घातला. इतक्यांदा घातला, की तिलाही तो आपलाच वाटायला लागला. आणि शोधणारा हुशार होता, पण त्याने कान वापरला नाही. डोळे वापरले. त्याचं अक्षर सुंदर आहे ना, त्याला अक्षरंच दिसतात.”

त्या चिटणीसाकडे वळल्या.

“शनिवारी दुपारी पाळणाघराचं पाणी तोडायला तू सांगितलंस. चावीवाला बाहेर उभा आहे, हवं तर बोलावते. रविवारचा फोन शनिवारी ऐकू आला का रे तुला?”

“बाई...” त्याचा आवाज शाळेतल्यासारखा बारीक झाला. “आदेश आधीच तयार होता. कारणाची जागा तेवढी कोरी ठेव, साहेब म्हणाले. पाडल्यावर सुचेल ते भरू. रविवारी हिचा फोन आला, तेव्हा साहेब म्हणाले, झालं, कारणही मिळालं आणि माणूसही मिळालं.”

“आणि साहेबांना सांगितलं कुणी?”

चिटणीसाने नुसतं फीतवाल्यांकडे बघितलं.

फीतवाले खुर्ची मागे ढकलून उठले. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. “बाई, फार झालं! मी तुम्हाला बघून घेईन! बघून घेईन मी!”

मग मागे उभी असलेली गिरणीतली आई फस्सकन हसली.

“ऐकलंत?” बाई म्हणाल्या. “राग आला की माणूस कागदावरचं बोलत नाही. तोंडात येतं तेच बोलतो.”

६

अभियंतेवरचा आरोप काढून टाका, असं बाईंनी मांडलं. फीतवाले अजून घाम पुसत होते, तरी म्हणाले, “पुढच्या बैठकीत घेऊ. त्यात काय एवढी तातडी आहे?”

मग मात्र बाईंचा तोल गेला. त्यांनी टेबलावर हात आपटला तो असा, की पेले उडाले.

“तातडी? तातडी म्हणजे काय ते मी सांगते! मूल कडेवर आहे, गिरणीचा भोंगा झालाय आणि मूल ठेवायला जागा नाही, याला तातडी म्हणतात. खोट्या शब्दापायी एका पोरीची नोकरी चाललीय, याला तातडी म्हणतात. फीत कापायचा दिवस जवळ आला, याला तातडी नाही म्हणत! हात वर करा, ज्यांना ही पोर कामावर हवी आहे!”

हात वर झाले. मागच्या आयाबायांना मत नव्हतं, तरी त्यांचेही झाले. फीतवाल्यांच्या बाजूचे दोघे-तिघे आधी इकडेतिकडे बघत बसले, मग त्यांनीही केले. शेजारच्या खोलीतून परत आलेल्या अभियंतेने कोपऱ्यातला कोरा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

“आता साहेब, घ्या पेन,” बाई म्हणाल्या. “तुमचा तातडीचा अधिकार अजून शाबूत आहे. लिहा. मुलांना छप्पर नसल्याने नगराध्यक्षांचं दालन उद्यापासून पाळणाघराला देण्यात येत आहे.”

“माझं दालन?” फीतवाले किंचाळले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आयाबायांकडे बघितलं आणि लिहायला लागले. स्वतःची कातडी वाचवायची वेळ आली की त्यांना निर्णय पटापट सुचत.

“ह स्वच्छ काढा,” बाई म्हणाल्या.

साहेबांची, चिटणीसाची आणि फीतवाल्यांची चौकशी वरच्या कचेरीत गेली. ती मात्र तातडीची नव्हती. पाडलेलं पाळणाघर काही उभं राहिलं नाही आणि हत्तीचं दार कुणीतरी सरपणाला नेलं. बाईंचा राग निवला नाही. निवू नये असंच त्यांना वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीतल्या आईने मूल मावशींच्या हातात दिलं आणि भोंग्याच्या आत पोचायला पळत सुटली. नगराध्यक्षांच्या गालिच्यावर गाद्या पडल्या. दुपारी दूध झालं, आणि मावशींनी नगराध्यक्षांच्या चकचकीत बेसिनमध्ये बदक, मासा, छत्री, सगळे पेले एकेक करून विसळले.

अभियंता मुलीला बघायला येऊन दारातच थांबली होती. तिच्यामागून साहेब आले. काही कागद आत राहिले होते म्हणे. नेहमीच्या तडफेने त्यांनी दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं.

“बघून, साहेब, बघून!” अभियंता दबक्या आवाजात म्हणाली. “पोरं झोपलीत.”

साहेबांना या वेळी अगदी स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी उचललेला पाय तसाच मागे घेतला.